सभेत बोलायची भीती: पतसंस्थेतल्या एका ताईंचं प्रकरण

ताईंना विचारूनच हे लिहितेय. संस्था, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी झालं ते तसंच आहे. मी कोल्हापुरात समुपदेशन करते, 'मला स्टेज डेअरिंग नाही' म्हणणारी माणसं कायम येत असतात, पण या प्रकरणात भीतीच्या पोटात दोन-तीन वेगळ्याच गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि त्या सुट्या करण्यातच निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर.

पार्श्वभूमी

ताई चाळिशीतल्या, बीकॉम झालेल्या, लग्नानंतर एकाच पतसंस्थेत चिकटलेल्या. आधी कॅश काउंटर, मग पिग्मीचा (रोज थोडी थोडी गोळा होणाऱ्या बचतीचा) हिशोब, मग कर्ज विभाग. सभासद सगळे आसपासच्या पेठांतले, दुकानदार, रिक्षावाले, रिटायर मास्तर. जुने मॅनेजर मार्चअखेर निवृत्त झाले आणि संचालकांनी ताईंना प्रभारी मॅनेजर केलं. कामाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, कुठल्या कर्जदाराचा जामीनदार कोण हे ताई फाईल न उघडता सांगायच्या.

आता कोल्हापुरातली सहकारी संस्थेची वार्षिक सभा काय असते हे बाहेरच्यांना थोडं सांगायला पाहिजे. ३१ मार्चला वर्ष संपतं, कायद्यानं सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सभा घ्यावीच लागते, त्यामुळं सप्टेंबरभर गावात रोज कुठं ना कुठं सभा चालू असते. साखर कारखाने, दूध संघ यांच्या सभेत काय राडा होतो ते पेपरात येतंच, पतसंस्थेची सभा लहान असली तरी बाज तोच, एका बाजूनं 'मंजूर मंजूर', दुसरीकडनं 'नामंजूर', कुणी माईक मागतंय, कुणी मागच्या खुर्चीवरूनच ओरडतंय, आणि स्टेजवर अहवाल वाचणारा घाम पुसतोय. या संस्थेत अहवाल वाचायचा मान मॅनेजरचा.

आदल्या वर्षी एक क्लार्क आजारी म्हणून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला ऐनवेळी ताईंना उभं केलं होतं. चार ओळी वाचल्या, मग आवाज अडकला. मागून कुणीतरी 'आवाज येत न्हाई, जरा मोठ्यानं' म्हणालं, चार लोक हसले, ताईंनी कागद शेजारच्याच्या हातात दिला आणि खाली उतरल्या. एवढंच झालं. ज्यांनी ऐकलं ते जेवणाच्या पंगतीपर्यंत विसरलेही असतील, ताई मात्र विसरल्या नाहीत.

नेमकी अडचण

जूनमध्ये आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आकडे पायजे तेवढे काढून देतो मी, पण उभं राहून वाचायला लावू नका म्हणून तुम्हीच आबांना सांगा." आबा म्हणजे चेअरमन. मी म्हटलं मी कशी सांगणार, आधी काय होतंय ते तर सांगा.

सभेचा विषय निघाला की छातीत धडधड, तोंड कोरडं, हाताला कंप, श्वास लागल्यासारखं. ताईंना लहानपणापासून दमा, पर्समध्ये निळा पंप कायम. श्वास लागला की त्या पंप मारायच्या, एक, दोन, कधी आणखी. इथं मी थांबले, कारण त्या निळ्या पंपातलं सालब्युटॅमॉल श्वासनलिका मोकळी करतं हे खरं पण त्यानं हात थरथरणं आणि धडधड वाढणं हेही होतं, हा त्याचा सगळ्यांना माहीत असलेला परिणाम आहे. म्हणजे ताई घाबरायच्या, श्वास जड व्हायचा, दमा समजून पंप घ्यायच्या, हात आणखी कापायचे आणि 'बघा, माझ्यानं होत नाही' हे पक्कं व्हायचं. वर दिवसाला पाच-सहा कप चहा, काउंटरवर कोण आलं की त्याच्यासोबत एक.

यातलं दम्याचं किती आणि भीतीचं किती हे मी ठरवू शकत नाही, ते माझं कामही नाही. त्यांना त्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडं पाठवलं आणि बजावलं की स्वतःच्या मनानं पंप बंद करायचा नाही, दमा खरा आहे. डॉक्टरांनी फुंकर मारायची तपासणी केली, रोज घ्यायचा दुसरा पंप नीट चालू केला (तो ताई आठवण झाली तरच घ्यायच्या) आणि निळा कधी घ्यायचा ते समजावलं. थायरॉईडही तपासून घेतलं, कारण ते वाढलं तरी अशीच धडधड आणि कंप असतो. ते नॉर्मल निघालं.

दुसरी गोष्ट टाळाटाळ. वर्षभरात ताईंनी काय काय सोडलं होतं ते लिहून काढायला लावलं तर पानभर झालं. स्टाफ मीटिंगला 'मला वसुलीला जायचंय' म्हणून कलटी, बचत गटात बोलणं बंद, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला नवरा, नवरात्रात मंडळानं आभार मानायला सांगितलं तर घरी पाहुणे असल्याची थाप. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळची भीती वाढवतं, कारण 'न टाळता काय झालं असतं' हे कधी कळतच नाही.

आणि तिसरी गोष्ट जी त्यांनी सांगितलीच नव्हती. 'भीती नक्की कशाची' असं मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आधी म्हणाल्या लोकांची, मग म्हणाल्या हसतील त्याची. मग हसले तर काय? बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कुणीतरी थकबाकीचं विचारणार, मला सांगता यायचं न्हाई, आणि म्हणणार, बघा, बाईमाणसाला खुर्ची दिली की असं हुतंय."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आबांनीच दिला होता आणि मनापासून दिला होता, "ताई, अहवाल मी वाचतो, तुम्ही निस्तं शेजारी बसा." ताईंना तो फार आवडला. मीही लगेच नाही म्हटलं नाही. कारण नोकरी टिकणं महत्त्वाचं, आणि प्रत्येकानं स्टेजवर बोललंच पाहिजे असा काही नियम नाही. पण मॅनेजरच्या पुढचं 'प्रभारी' जायचं असेल तर सभासदांपुढं एकदा उभं राहावं लागणार होतं हे ताईंना स्वतःलाच माहीत होतं. आम्ही ठरवलं की आबांना आत्ता हो पण नाही आणि नाही पण नाही, ऑगस्टअखेर सांगू.

दुसरा पर्याय गोळीचा. मिस्टरांच्या ओळखीचा मेडिकलवाला म्हणाला होता की सभेआधी अर्धा तास एक गोळी घेतली की हात कापत नाहीत, आणि पाकीट घरी आलंही होतं. नाव बघितलं तर प्रोप्रॅनोलॉल. या गोळीनं धडधड आणि कंप कमी होतो हे खरं, काही डॉक्टर अशा प्रसंगासाठी ती देतातही, पण दमा असलेल्यांना ती धोक्याची, श्वासनलिका आवळून जोराचा अटॅक येऊ शकतो. ताईंच्या घरात ती गोळी डॉक्टरला न विचारता आली होती! पाकीट परत गेलं. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडनं आपण काय काय उचलून आणतो यावर वेगळं लिहायला पाहिजे खरं.

तिसरा, शनिवार-रविवारचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. भाचीनं फॉर्म आणून दिला होता. अशा शिबिरात टाळ्या वाजवून घेतात, आरशापुढं 'मी करू शकते' म्हणायला लावतात, दोन दिवस भारी वाटतं. सगळीच वाईट असतात असं नाही, काही ठिकाणी खरंच उभं करून बोलायला लावतात आणि तेवढ्याचा उपयोगही होतो. पण ताईंना ज्याची भीती होती ते शिबिरात नव्हतंच, तिथं थकबाकी विचारणारा सभासद कुठनं आणणार.

चौथा, पायरीपायरीनं सराव आणि जोडीला प्रश्नांची तयारी. वेळ होता तीन महिने. हा घेतला.

भीतीचे दोन गठ्ठे

माझ्या मते या प्रकरणातला मोठा निर्णय हाच. एका कागदावर मधे रेघ मारून घेतली. डावीकडं शरीराचा गोंधळ, म्हणजे कंप, घाम, आवाज. उजवीकडं जे खरंच येत नाही ते. उजवी बाजू रिकामी राहील असं ताईंना वाटलं होतं, कारण 'मला सगळं येतं, फक्त बोलता येत नाही' अशीच त्यांची समजूत. मी विचारलं, गेल्या वर्षी थकबाकी किती टक्के होती, आणि यंदा का वाढली? टक्का सांगितला, कारण अडखळलं. डिव्हिडंड एवढाच का? कायद्यानं १५ टक्क्यांच्या वर साधारण देता येत नाही हे माहीत होतं पण आपण त्याच्याही खाली का, हे जुने साहेब ठरवायचे. गुंतवणूक कुठं ठेवलीय, ऑडिटरनं काय शेरे मारलेत, त्यांची पूर्तता झाली का? फाईल बघून सांगतो.

म्हणजे भीती निम्मी खरीच बोलत होती. अशा वेळी माणसाला 'घाबरू नकोस, तुला सगळं येतं' म्हणणं चुकीचं ठरतं, कारण त्याला आतून माहीत असतं की येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो प्रत्यक्ष करून जमल्याच्या अनुभवातनं, मग आपल्यासारख्या कुणाला करताना बघून, मग दुसऱ्याच्या धीर देण्यातनं आणि शरीर काय सांगतंय त्यातनं. आपण घरी सगळा जोर धीर देण्यावर लावतो, आणि त्याचा परिणाम फार टिकत नाही.

काय काय केलं

उजव्या गठ्ठ्यासाठी ताईंनी जुन्या सभांची इतिवृत्तं काढून लोक काय विचारतात त्याची यादी केली. तेच तेच प्रश्न होते, थकबाकीदारांवर कारवाई काय, संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांना कर्ज किती, सभेचा खर्च एवढा कसा, यंदा भेटवस्तू का नाही. उत्तरं दोन-तीन वाक्यांत. आणि एक उत्तर वेगळं, ज्याचा सराव सगळ्यात जास्त केला: "हा आकडा आत्ता माझ्याजवळ नाही, उद्या ऑफिसातून लेखी देते." सुरुवातीला हे वाक्य म्हणताना ताईंची मान खाली जायची, जणू गुन्हा कबूल करतायत. बसून, उभं राहून, मधेच कुणीतरी 'आँ?' केल्यावर, असं म्हणून म्हणून ते सपाट झालं.

डाव्या गठ्ठ्यासाठी पायऱ्या. प्रत्येक पायरीला भीती ० ते १०० मध्ये किती ते लिहायचं. घरात नवरा-मुलापुढं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचणं २५, स्टाफपुढं महिन्याची वसुली सांगणं ५०, बचत गटात दोन मिनिटं बोलणं ५५, रिकाम्या हॉलमध्ये माईकवर वाचणं ६५, स्टाफनं मुद्दाम टोकायचं ठरवून घेतलेली लुटूपुटूची सभा ८०, खरी सभा १००. एक पायरी तीच तीच करायची, आकडा खाली येईपर्यंत, मगच पुढची.

श्वासाचंही केलं, चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, दमा असल्यामुळं रोखून धरायचं नाही. पण ते भीती घालवायला वापरायचं नाही असं सांगितलं, नाहीतर त्याचाही पंप होतो.

मोबाईलवर व्हिडिओ काढायचं ताईंना अजिबात नको होतं. काढायच्या आधी अंदाज लिहून घेतला, हात कापताना किती दिसेल, ९०, चेहरा लाल, ८०. मग स्वतःचा व्हिडिओ परक्या बाईचा असल्यासारखा बघायचा. बघून म्हणाल्या, "हात कापतोय, पण नीट बघितलं तरच कळतंय." नवा आकडा ३०. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चारचौघांच्या भीतीबद्दल मांडलंय ते हेच, घाबरलेला माणूस आतून जे जाणवतंय त्यावरनं बाहेर कसा दिसतोय याचं चित्र रंगवतो, आणि सगळं लक्ष त्या चित्रावर गेल्यामुळं समोरच्यांकडं बघतच नाही.

मधे एक वाद झाला. कागद थरथरतो, माईकजवळ त्याची फडफड ऐकू जाते, म्हणून मिस्टरांनी जाड पुठ्ठ्याचं पॅड आणून दिलं. मग ताई ते पॅड दोन्ही हातांनी छातीशी धरून, त्यातच तोंड घालून वाचायला लागल्या. आता पॅड सोय की लपायची जागा? शेवटी पॅड पोडियमवर सपाट ठेवायचं, हातात घ्यायचं नाही आणि प्रत्येक परिच्छेदानंतर वर बघायचं असं ठरलं. कुबडी सगळ्यांनाच लागते, पण ती धरण्यातच लक्ष जात असेल तर काढलेली बरी.

जुलैअखेर सराव थांबला, कारण पाणी. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली की कोल्हापुरात दुसरं काही सुचत नाही, २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना तर नाहीच. संस्थेचं ऑफिस तळमजल्यावर. ताईंनी कर्जाच्या फाईली, तारण सोन्याची रजिस्टरं, संगणक सगळं वरच्या मजल्यावर हलवलं, दोन टेम्पो लावले, 'उद्या बघू' म्हणणाऱ्या एका संचालकाला सगळ्यांपुढं 'उद्या न्हाई, आत्ता' म्हणून सुनावलं. पाणी आत आलं नाही ते सोडा. पुढच्या भेटीत मी विचारलं, तेव्हा आवाज कापला का? "कापायला टाईम कुठं हुता?" पण लगेच म्हणाल्या ते वेगळं, ते काम होतं, ही सभा आहे. मी जास्त ताणलं नाही. त्यांना ते पटायला दोन आठवडे गेले, एकदा बचत गटात बोलून आल्यावर आपणहून म्हणाल्या, फाईली हलवताना मी माझ्याकडं बघतच नव्हतो.

ऑगस्टअखेर आबांना सांगितलं, अहवाल मीच वाचणार. त्याच आठवड्यात लुटूपुटूच्या सभेत शिपायानं असा काही प्रश्न विचारला की ताई पूर्ण ब्लँक झाल्या आणि आत निघून गेल्या. अर्ध्या तासानं बाहेर आल्या, तोच प्रश्न परत विचारायला लावला. हे मी सांगितलं नव्हतं.

सभेचा दिवस

सकाळी भीतीचा आकडा ९० होता. चहा एकच, पंप डॉक्टरांनी सांगितलेला तेवढाच. गणसंख्या (सभेला लागणारे किमान सभासद) नाही म्हणून नेहमीप्रमाणं सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं तिथंच सुरू झाली, आणि तो अर्धा तास ताईंच्या म्हणण्यानुसार सगळ्यात वाईट होता. पहिली दोन पानं आवाज कापरा होता, मागून 'मोठ्यानं' आलंच. ताई थांबल्या, माईक जवळ ओढला, तो परिच्छेद पहिल्यापासून वाचला. थकबाकीचं उत्तर नीट दिलं. सोनेतारणाच्या एका आकड्यावर अडल्या, ठरलेलं वाक्य म्हणाल्या. तेव्हा एकजण बोललाच, "मॅनेजरलाच म्हाईत न्हाई तर कुणाला म्हाईत?" हशा झाला. आबा उठले आणि त्या माणसाला गप्प बसवायला लागले, ताई बाजूला उभ्या. नंतर शांत झाल्यावर पुढचं वाचलं, 'मंजूर मंजूर' झालं. शेवटी आकडा ३५.

म्हणजे ज्याची भीती होती ते अगदी तसंच घडलं, हसलेसुद्धा, आणि तरी सभा पुढं गेली. दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर त्या सभासदाच्या दुकानात पोचवलं.

वेगळं काय करता आलं असतं

आबांशी आधी बोलायला हवं होतं. ते मदतीला धावले पण त्यामुळं त्या टोमण्यावर ताईंचं स्वतःचं उत्तर राहून गेलं, आणि त्यांना ते अजून खुपतं. 'मी तुमच्याकडं बघितलं तरच उठा' एवढं ठरवलं असतं तरी पुरलं असतं.

छातीच्या डॉक्टरांकडं जाणं हे काम वर्षभर आधी व्हायला हवं होतं. दमा, थायरॉईड, रक्त कमी असणं, औषधं, चहा-कॉफी हे बघितल्याशिवाय धडधडीला 'मनाचं आहे' म्हणणं घाईचं. तहकुबीच्या अर्ध्या तासाचीही तयारी नव्हती, खरं तर ते दरवर्षी होतं हे सगळ्यांना माहीत. त्या वेळात ताईंना कोपऱ्यात बसू न देता दारात सभासदांच्या सह्या घ्यायला उभं करता आलं असतं, चार चेहऱ्यांशी बोलणं झालं असतं.

आणि ही पद्धत सगळ्यांना पुरेल असं नाही. ताई कामावर जात होत्या, झोप-जेवण ठीक होतं, घरचे सोबत होते. घराबाहेरच पडवत नाही, भीती दाबायला दारू लागते, जगणं नको वाटतंय, असं काही असतं तर मी आधी सायकॅट्रिस्टकडं पाठवलं असतं. कुठं जायचं कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ताई आता कायम मॅनेजर आहेत. स्टाफ मीटिंग त्याच घेतात. मंडळानं यंदाही नवरात्रात बोलायला बोलावलं तर सरळ नाही म्हणाल्या, पाहुण्यांची थाप न मारता. मी विचारलं भीती वाटली का, तर म्हणाल्या, "न्हाई ओ, सहामाहीचं क्लोजिंग हाय, टाईम न्हाई."